नफा साडेतीन लाखांचा, तरी चतुर्थीला हात रिकामे

वेंगुर्ले तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्या आणि त्यांचे यजमान घराला लागूनच काजूगराचा छोटा कारखाना चालवतात. मार्च ते मे या काळात आसपासच्या बागायतदारांकडून सुमारे २० टन काजू बी घेऊन, ती वाळवून, उकडून, फोडून आणि गर सोलून वर्षभर विकतात. गावातील आठ बायका कामाला असून त्यांचा पगार दर शनिवारी होतो. गेल्या आर्थिक वर्षाच्या हिशेबात सीएने साडेतीन लाख रुपये नफा दाखवला. परंतु त्याच वर्षी बँकेची १० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज) संपून गेली, एका खासगी गृहस्थाकडून दरमहा २ टक्क्यांनी ५ लाख आणि दागिने पतसंस्थेत तारण ठेवून ४ लाख रुपये उचलावे लागले, आणि तरीही चतुर्थीच्या तोंडावर दोन आठवड्यांचे पगार थकले. यंदाही थोड्याफार फरकाने तसेच झाले. आता मुंबईतील एका घाऊक व्यापाऱ्याने पुढच्या हंगामासाठी ४ टन गराची ऑर्डर देऊ केली आहे. माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यायचा आणि पैसे ९० दिवसांनी मिळायचे, अशी बोली आहे. उलाढाल वाढली की पैशांची ओढाताण आपोआप संपेल, असे यजमानांना वाटते. महिनावार अंदाज मांडून पाहू या, असे या भगिनींनी सुचवले, तेव्हा कोकणात सगळेच पावसापाण्यावर, अंदाज कसला मांडतेस, असे उत्तर मिळाले. नफा असेल तर पैसा जातो कुठे, आणि ही ऑर्डर घ्यावी की नाही, असे त्या विचारतात.

ताई,

तुम्ही पत्रासोबत वहीची पाने आणि ताळेबंद पाठवलात, त्यामुळे हवेत बोलावे लागणार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांतच आहे. नफा साडेतीन लाख. त्यात ८० हजारांचा घसारा मिळवा, कारण तो खर्च कागदावर दाखवला जातो, कोणाच्या हातात रोख द्यावा लागत नाही. म्हणजे व्यवसायातून ४ लाख ३० हजार रुपये निर्माण झाले, असे आपण धरू. आता बाहेर गेलेले पाहा. गिऱ्हाइकांकडे वर्षाच्या सुरुवातीला ५ लाख येणे होते, ते वर्षअखेरीस साडेसात लाख झाले. हे वाढलेले अडीच लाख विक्रीत मोजले गेले, नफ्यातही मोजले गेले, पण तुमच्या खात्यात आलेच नाहीत. यंत्रांच्या कर्जाचे मुद्दल १ लाख ४० हजार फेडले. व्याज खर्चात धरले जाते, मुद्दल धरले जात नाही, म्हणून नफ्याच्या आकड्यावर त्याची सावलीही पडत नाही. घरखर्चासाठी महिना १५ हजार या हिशेबाने १ लाख ८० हजार काढले. या तिन्हींची बेरीज ५ लाख ७० हजार होते. साडेतीन लाख नफ्याच्या वर्षात तुमच्याजवळची रोकड १ लाख ४० हजारांनी घटली, आणि यात कोणीही लबाडी केलेली नाही. सीएचा हिशेब बरोबर आहे. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, इतकेच.

दोन आठवड्यांचे पगार थकले ते मात्र या १ लाख ४० हजारांमुळे नव्हे. ती वर्षभराची बेरीज आहे, आणि तुमचा व्यवसाय बेरजेवर चालत नाही, तो वेळेवर चालतो. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या आपल्या पट्ट्यात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, त्या काही एकूण पाऊस कमी पडला म्हणून नव्हे. तुमच्याकडे बी मार्च ते मे या तीन महिन्यांत घ्यावी लागते आणि गराचा मोठा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो. मधले सहा महिने कोणाच्या पैशावर काढायचे, हा तुमच्या धंद्याचा मूळ प्रश्न आहे आणि भाव, प्रत, विक्री हे सगळे प्रश्न त्याच्यानंतर येतात.

तुमच्याच आकड्यांवरून मी गेल्या वर्षीचे मार्च ते ऑगस्ट मांडून पाहिले. मार्च, एप्रिल आणि मे मिळून बी खरेदीचे २४ लाख गेले. एप्रिलच्या मध्यापासून काम सुरू झाले, त्याचे पगार १ लाख. हप्ते आणि घरखर्च प्रत्येकी ४५ हजार, वीज, गोणपाट, वाहतूक आणि व्याज ४० हजार. शिवाय एक रक्कम अशी आहे, जी तुमच्या वहीत सुटी दाखवलेलीच नाही. न सोललेली काजू बी थेट शेतकऱ्याकडून घेतली, तर तिच्यावरचा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदाराने, म्हणजे नोंदणीकृत असलेल्या तुम्ही, भरायचा असतो. तो आधी भरलेल्या कराच्या जमा क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळते हे खरे, परंतु ते गराच्या विक्रीवरील करातच वापरता येते, आणि एप्रिल-मेमध्ये विक्री जेमतेम असल्यामुळे ते दिवाळीपर्यंत खात्यात पडून राहते. मेअखेरपर्यंत असे ८५ हजार रुपये तुम्ही सरकारजमा केले होते. हा खर्च नाही, पण त्या तीन महिन्यांत तो खर्चाइतकाच बोचतो. सर्व मिळून २७ लाख १५ हजार गेले. आले किती? जुन्या येण्यापैकी साडेचार लाख आणि मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांना केलेल्या किरकोळ विक्रीचे दीड लाख. सुरुवातीला हाताशी ३ लाख होते, बँकेचे १० लाख पूर्ण उचलले, तरी मेअखेरीस ८ लाख १५ हजारांची तूट उरली. तीच तुम्ही खासगी ५ लाखांनी आणि बागायतदारांना जूनपर्यंत थांबवून भागवली.

पुढच्या तीन महिन्यांत पगार १ लाख ८५ हजार, हप्ते व घरखर्च ९० हजार, वीज-पॅकिंग-व्याज ७० हजार आणि मे महिन्याच्या खरेदीचा रिव्हर्स चार्ज ३५ हजार, असे ३ लाख ८० हजार गेले. आले २ लाख ६५ हजार. ऑगस्टअखेरची तूट ९ लाख ३० हजार. तुमच्याकडे तोवर खासगी ५ आणि सोन्यावरचे ४ असे ९ लाख होते. उरलेले ३० हजार म्हणजे जवळपास आठ बायकांचे, रोजी ३०० रुपयांनी, दोन आठवड्यांचे पगार.

हा हिशेब मी मुद्दाम इतका बारीक लिहिला. यात पावसाचा, बाजाराचा किंवा नशिबाचा एकही आकडा नाही. बी किती घेणार, बायका किती, हप्ता किती, मर्यादा किती, हे सगळे तुम्हा दोघांना फेब्रुवारीतच ठाऊक होते. चतुर्थीला तूट पडणार, ती साधारण किती असणार आणि कोणाच्या पगारावर येणार, हे सहा महिने आधी वहीच्या एका पानावर दिसू शकले असते. यजमानांना एवढेच दाखवा. अंदाज मांडणे म्हणजे भविष्य सांगणे, असा त्यांचा समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग आपणच आधी ठरवून ठेवलेल्या गोष्टी तारखेनुसार लिहिण्याचा असतो. जे खरोखर अनिश्चित आहे, ते त्यामानाने थोडे आहे, आणि त्यालाही मापात पकडता येते. बीचा भाव किलोमागे १० रुपयांनी चढला, तर २० टनांना २ लाख जास्त लागतील. गराचा उतारा, म्हणजे बीच्या वजनातून निघणारा गर, २६ टक्क्यांऐवजी २५ टक्के पडला, तर २०० किलो गर कमी, म्हणजे तुमच्या सरासरी ७०० रुपयांच्या दराने १ लाख ४० हजारांची विक्री कमी. गिऱ्हाइकाने दोन महिने जास्त लावले तर काय, हेही असेच मोजता येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली, तेव्हा ड्रायर किती दिवस बंद होता, हे तुम्हाला आठवत असेलच. तेवढे दिवस गर सुकला नाही, तर पुढची रवानगी किती मागे जाते, हे वहीत एका ओळीत बसते.

आता ऑर्डरकडे वळू. तुम्ही दोघांनी ती घ्यावी की नाही, या वादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की तुमची अडचण कमी विक्रीची आहे. वरचा हिशेब तसे सांगत नाही. तुमचा माल विकला जातो. फक्त विकत घेण्याचा पैसा आधी जातो आणि विकल्याचा नंतर येतो. त्याच बोलीवर धंदा वाढवला तर हे अंतरही त्याच पटीने वाढते. ४ टन गरासाठी २६ टक्के उताऱ्याने जवळजवळ साडेपंधरा टन बी जादा लागेल, म्हणजे किलोला १२० रुपयांनी साडेअठरा लाख. मजुरी, वीज, पॅकिंग, वाहतूक मिळून आणखी ४ लाख ८० हजार. व्यापारी किलोला ६८० रुपये देणार असल्याने विक्री २७ लाख २० हजारांची. व्याज सोडून ३ लाख ९० हजार सुटतात, आणि यजमानांच्या डोळ्यांपुढे हाच आकडा असणार. परंतु एप्रिल-मेमध्ये जिथे आधीच ८ लाखांची तूट आहे, तिथे ती २६ लाखांच्या पुढे जाईल, रिव्हर्स चार्जचे आणखी ९० हजार वेगळेच. बँकेची मर्यादा वाढली नाही आणि हा पैसा महिना २ टक्क्यांनी उचलावा लागला, तर बीमध्ये अडकलेल्या साडेअठरा लाखांवर आठ महिन्यांचे व्याज सुमारे २ लाख ९५ हजार आणि बाकी खर्चावर सरासरी चार महिन्यांचे ३८ हजार होते. हाती उरतात ५५-६० हजार. व्यापाऱ्याने जानेवारीऐवजी मार्चमध्ये पैसे दिले, की दोन महिन्यांचे ९० हजारांहून अधिक व्याज चढून तेही जातात आणि वर पदरचे ३५ हजार घालावे लागतात. दुप्पट राबून तोट्यात जाण्याचा हा सरळ रस्ता आहे. हेच बँकेच्या १२ टक्क्यांनी झाले, तर उशीर धरूनही पावणेदोन लाख उरतात. ऑर्डर एकच असली, तरी ती चांगली की वाईट हे पैसा कुठून आणि कधी येतो यावर ठरते.

व्यापारी मूळचा तुमच्याच बाजूचा, “वैनी, पैशे खंय जातत?” असे म्हणतो, त्यामुळे मुदतीचा विषय काढायला संकोच वाटतो, असे तुम्ही लिहिले आहे. संकोच समजू शकतो. पण तुमचा बागायतदारही गावचाच आहे, आणि त्याला तुम्ही जूनपर्यंत थांबवलेत, तेव्हा त्यानेही कदाचित संकोचानेच तोंड उघडले नसेल. मुंबईच्या व्यापाऱ्याला उधार देणारे खरे तर तो बागायतदार, तुमच्या आठ बायका आणि तुमचे दागिने आहेत. हे एकदा मनाशी पक्के झाले, की मुदतीबद्दल बोलणे उद्धटपणाचे वाटणार नाही.

शिवाय कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ही ठरलेली मुदत काही झाले तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे ९० दिवसांची बोलीच मुळात कायद्याबाहेरची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, दाद मागता येते. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधीची हवी. २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. तुमची झालेली आहे का, ते पत्रातून कळले नाही. नसेल तर आजच करा आणि प्रत्येक बिलावर तो क्रमांक छापा. आयकराचीही एक तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू आहे: सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी या मुदतीत दिली नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. त्यामुळे थकलेली बिले ३१ मार्चच्या आत चुकती करण्याची व्यापाऱ्यांना निकड असते, आणि नेमकी तीच तुमच्या बी खरेदीची वेळ असते. जानेवारीत थकबाकीची यादी आणि उद्यम क्रमांक घालून एक सभ्य पत्र पाठवा. सुविधा परिषदेत जाण्याची पायरी मात्र मी शेवटची मानेन, कारण लहान उत्पादकाला एक गिऱ्हाईक तोडणे जितके महाग पडते, तितके त्या गिऱ्हाइकाला एक पुरवठादार बदलणे पडत नाही.

या बळावर व्यापाऱ्याशी काय बोलावे? सरळ नकार देण्याआधी तीन गोष्टी त्याच्यापुढे ठेवून पाहा. पहिली, ४ टनांऐवजी १ टन, एप्रिलमध्ये ३० टक्के आगाऊ, माल तीन खेपांत आणि प्रत्येक खेपेचे पैसे ४५ दिवसांत. १ टनासाठी बी ४ लाख ६० हजारांची लागते. २ लाख आगाऊ आले तर तुम्हाला हंगामात जेमतेम अडीच-पावणेतीन लाखच उभे करावे लागतील. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी येतो, हेही लक्षात असू द्या. दुसरी, लवकर पैसे देण्यावर सूट. १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, असे लिहून दिले तर ८० दिवस आधी मिळणाऱ्या पैशाची किंमत वर्षाला ९ टक्क्यांच्या आसपास पडते, जी तुमच्या बँकेपेक्षाही स्वस्त आहे. बरेच जण सूट देताना ‘नफा कमी होईल’ म्हणून कचरतात आणि २४ टक्क्यांचे खासगी व्याज मात्र निमूट भरतात. तिसरी, बी त्याने पुरवावी आणि तुम्ही किलोमागे दर ठरवून फक्त प्रक्रिया करून द्यावी. यात नफा थोडा सुटतो, पण तुमचा एक रुपया अडकत नाही आणि बायकांना पावसाळाभर काम मिळते. मला स्वतःला, तुमच्या सध्याच्या स्थितीत, हा तिसरा मार्ग सर्वांत जास्त पटतो.

जादा बी हंगामातच घ्यायला हवी असेही नाही, आफ्रिकेची बी नंतर मिळते, असे यजमान म्हणतील. खरे आहे, टांझानियाचे पीक ऑक्टोबरपासून निघते आणि व्यापाऱ्यांमार्फत आपल्याकडेही येते. सप्टेंबरच्या खेपेला ती उपयोगाची नाही, हिवाळ्यातील विक्रीला आहे. एवढेच करा की त्या बीचा गर ‘वेंगुर्ला काजू’ म्हणून विकू नका. ते नाव भौगोलिक मानांकनाचे आहे.

बँकेबद्दल. कॅश क्रेडिट वाढवून मागायला तुम्ही दोन्ही वर्षे एप्रिलच्या शेवटी गेलात, म्हणजे गोणी दारात उतरत असताना. मंजुरी यायला महिना-दीड महिना लागला आणि तोवर खासगी कर्ज झाले. डिसेंबर-जानेवारीत जा, आणि हातात महिनावार अंदाजाचे पान घेऊन जा. लहान उद्योगांना अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळते भांडवल द्यावे, ही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली पद्धत बँका आजही वापरतात. तुमच्या ३६ लाखांच्या उलाढालीवर ते ७ लाख २० हजारच होतात आणि तुम्हाला १० लाख आधीच मिळालेले आहेत. त्यामुळे केवळ उलाढालीच्या जोरावर फार वाढ मिळणार नाही. हंगामी उद्योगाला मात्र हंगामातली मर्यादा वेगळी आणि एरवीची वेगळी अशी मंजूर करून घेता येते. मार्च ते ऑक्टोबर १६-१७ लाख आणि बाकीचे महिने ६ लाख, अशी मागणी तुमच्या पानावरून तुम्हाला आकड्यांनिशी मांडता येईल. व्यवस्थापकाला तुमची तूट कधी पडते यापेक्षा ती कधी भरून निघते, हे पाहायचे असते. आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. कॅश क्रेडिटमधून प्रत्यक्षात किती उचलता येईल, हे स्टॉक आणि येण्यांच्या विवरणावर ठरते, आणि ९० दिवसांहून जुनी येणी बँका सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाने मुदत ओलांडली, की त्याचे पैसे येत नाहीत ते नाहीतच, वर बँकेकडून उचलायची रक्कमही घटते. आणि नवे यंत्र कॅश क्रेडिटमधून घ्यायचा विचार यजमानांच्या मनात असेल, तर तो त्यांनी सोडून द्यावा. पाच वर्षे चालणाऱ्या वस्तूसाठी पाच वर्षांचे कर्ज घ्यावे, हंगामाचा पैसा हंगामासाठीच राहू द्यावा.

वही कशी मांडायची, याला फार कौशल्य लागत नाही. रजिस्टरचे आडवे पान घ्या, फेब्रुवारी ते जानेवारी असे बारा रकाने करा. वर महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, मग येणारे, मग जाणारे, तळाशी शेवटची शिल्लक, आणि तीच पुढच्या रकान्याच्या डोक्यावर. पैसा ज्या महिन्यात खात्यात येईल त्याच महिन्यात लिहायचा, बिल कोणत्या महिन्याचे आहे ते पाहायचे नाही. गिऱ्हाईक ४५ दिवस म्हणते आणि गेल्या तीन बिलांना त्याने ७५ लावलेत, तर ७५ धरा. जीएसटी, विमा, हप्ते, शिमगा आणि चतुर्थीची उचल, शाळेची फी, सगळे ज्या त्या महिन्यात. घरखर्च ठरीव ठेवा आणि शक्य असल्यास त्याचे खातेच वेगळे करा. तुमच्या वहीत कारखान्याचे डिझेल आणि घरचा गॅस एकाच ओळीत आहेत, त्यामुळे मलाही तो आकडा दोनदा लावावा लागला. महिना संपला की खरे आकडे पेन्सिलीने शेजारी लिहा. पहिल्या वर्षी बरेच चुकेल. येणी उशिरा येतात आणि खर्च लवकर होतात, असा चुकण्याचा कल तीन-चार महिन्यांत लक्षात येतो. जून ते सप्टेंबर हे महिने जास्त नाजूक असल्याने त्या काळात आठवड्याचा हिशेब ठेवा, कारण तुमचे पगार आठवड्याचे आहेत.

चाकरमान्यांना मे महिन्यात दीड लाखांची विक्री झाली, ती तुम्ही पत्रात ओझरती सांगितली आहे. माझ्या मते ती तुमच्या धंद्यातील सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. तो पैसा रोख येतो, नेमका तुटीच्या काळात येतो आणि किलोमागे घाऊक भावापेक्षा जास्त येतो. मे महिना आणि गणपती मिळून ही विक्री ४ लाखांवर नेता आली, तर दागिने ठेवून काढलेल्या कर्जाचा मोठा भाग लागणारच नाही. त्यासाठी मात्र आदल्या वर्षीचा थोडा चांगला गर हवाबंद राखून ठेवावा लागेल, आणि दिवाळीच्या भावाचा मोह टाळावा लागेल.

इतर वाचकांनीही हे पान आपापल्या धंद्याला लावून पाहावे. मालवण-तारकर्लीला घरगुती निवास चालवणाऱ्यांना दिवाळी-नाताळच्या बुकिंगची आगाऊ रक्कम आधी मिळते. ती खर्च करून टाकली आणि पाहुण्यांनी बेत रद्द केला, तर परतावा पावसाळ्याच्या शिलकीतून द्यावा लागतो. ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पण खलाशांची उचल आणि जाळ्यांची, बोटीची दुरुस्ती नेमकी त्याच दोन महिन्यांत येते. आंबा बागायतदार वाशीच्या दलालाकडून फवारणीसाठी आगाऊ रक्कम घेतो, तेव्हा व्याज दिसत नाही, कारण ते पेटीच्या भावातून आणि अडतीतून वळते होते. प्रत्येकाची तूट वेगळ्या महिन्यात पडते, आणि ती कोणत्या महिन्यात पडते हे माहीत असेल, तर स्वस्त पैसा शोधायला वेळ मिळतो.

व्यापाऱ्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे अजून वेळ आहे. आधी दोघांनी बसून बारा रकाने भरा, एकदा ऑर्डर न धरता आणि एकदा धरून. मग वर सांगितलेल्या तीन बोलींपैकी तुम्हाला झेपेल ती त्याला लेखी पाठवा, फोनवर नको. त्याने प्रक्रियेचे काम दिले किंवा आगाऊ रक्कम मान्य केली, तर उत्तमच. ९० दिवसांवरच अडून बसला, तर या हंगामापुरते नाही म्हणून कळवा, आणि ज्या १ टन गरासाठी त्याच्याकडून आगाऊ मागणार होतात, त्यातला निम्मा तरी पाव-पाव किलोच्या पाकिटांतून रोखीने विकता येतो का, ते मे महिन्यात पाहा.